गंजलेल्या यंत्रमाणसाची ग्रेड

मी चौथीपर्यंत शिकलो. पुढची शाळा जिनिंगमध्ये, म्हणजे कापसातून सरकी काढायच्या कारखान्यात झाली. वलगावहून सायकलीनं अमरावतीला जायचो. तिथं माझं काम एकच, आलेल्या गाडीतला कापूस पाहायचा आणि त्याची ग्रेड बोलायची. वरचा कापूस मी कधी पाहिला नाही. वर सगळेच पांढराशुभ्र लावतात. हात कोपरापर्यंत आत घालायचा, तळातला मूठभर काढायचा, चिमटीत धरून धागा ओढायचा, मग सरकी दाताखाली धरायची. कट् वाजली तर माल कोरडा, नाही वाजली तर ओला. मग चार लोकांना ऐकू जाईल अशी ग्रेड बोलायची. एकदा बोललेली ग्रेड मालकसुद्धा फिरवत नसे, आणि मीही नाही. हे आधीच सांगून ठेवतो, म्हणजे गेल्या हिवाळ्यात लेकीच्या घरी मी जे केलं ते वाचून कोणी मला म्हातारचळ लागला म्हणणार नाही.

लेक अकोल्याला शाळेत विज्ञान शिकवते. न्हाणीत पाय घसरून तिचा उजवा हात मोडला, प्लास्टर चढलं. जावई कामासाठी परराज्यात, म्हणून मी गेलो. भाजी चिरायला मला येते. पोळ्या शेजारची बाई लाटून देत होती. तिथं एका शनिवारी कुरिअरवाला खोका देऊन गेला.

"हे काय व माय?"

"दर महिन्याले येते बाबा. विज्ञानकथेतल्या वस्तू राह्यतात त्यात. अवकाशयानं, यंत्रमाणसं, दुसऱ्या ग्रहावरचं काय काय."

"दुसऱ्या ग्रहावरून कुरिअर येते?"

"नाई. भिवंडीहून येते."

"अन् ह्याचं करतात काय?"

"कपाटात ठेवतात. पाह्यतात."

तिचं काचेचं कपाट मी आधीच पाहिलं होतं. लोकांच्या घरी तिथं स्टीलचे डबे, कपबश्या असतात. हिच्याकडे बोटाएवढी यंत्रमाणसं रांगेत उभी. मी म्हटलं, बरं. शिकलेल्या माणसाचं घर आहे, आपण कशाला बोला.

मग तिनं सांगितलं की हा खोका ती फोनसमोर उघडते. कुठकुठले लोक त्याच वेळेला आपापल्या फोनवर पाहत असतात. कोणती वस्तू चांगली, कोणती फालतू, हे ती सांगते आणि त्यावरून लोक ठरवतात, पुढचा खोका घ्यायचा की नाही. एवढं मात्र मला बरोबर समजलं.

"म्हणजे तू बी ग्रेडच बोलते."

ती हसली. "हाव बाबा. तुमचीच पोरगी हाये."

मला बरं वाटलं, खोटं कशाला सांगू. उद्या रविवार, तिचा एक हात अडकलेला, म्हणून खोका मी उघडायचा आणि बोलायचं तिनं, असं ठरलं. सकाळी मी धुतलेला सदरा घातला, टोपी नीट केली. फोन एका काडीवर उभा केला होता. ती म्हणाली, "नमस्कार, आज मदतीला माझे बाबा आहेत." मी खोका घेतला आणि उलटा केला.

"बाबा, उलटा काहून केला?"

"वरून पाह्यते का कोणी माल?"

फोनवर खालून वर अक्षरं सरकायला लागली. लोक हसत असावेत. मी बुडाची पट्टी फाडली आणि तळातली वस्तू आधी काढली. एक काचेची कुपी, आत लाल माती. बूच काढून चिमूटभर हातावर घेतली, थुंकी लावून चोळली. माती अशी राहत नाही. तिला वास नव्हता, चिकटपणा नव्हता. लाकडाचा भुसा रंगवलेला. मग एक नकाशा निघाला, त्याच्या चारही कडा जळलेल्या. मग एक बिल्ला, वाकलेला. काळा दगड निघाला तो मी सवयीनं दाताखाली धरला.

"बाबा, दातानं नोको पाहू!"

तोही दगड नव्हता, प्लास्टिक होतं. शेवटी यंत्रमाणूस निघाला. वीतभर उंच, एक डोळा तडकलेला, छातीवर पोचे आणि डोक्यापासून पायापर्यंत गंज. वापरून फेकलेला माल. माझं डोकं तापलं. लेकीनं एवढ्या हौसेनं खोका मांडावा, आणि समोरच्यानं भंगारातला माल खोक्यात भरून पाठवावा!

"नापास," मी मोठ्यानं बोललो. "सगळा खोका नापास. जळका कागद, वाकडा बिल्ला अन् हा गंजलेला. कोणी घेऊ नोका."

"बाबा, ऐका. ह्या महिन्याचा विषयच तसा हाये. हजार वर्षांपासून पडून असलेलं अवकाशयान सापडलं, अशी कथा हाये. गंज मुद्दाम केलेला हाये. कारागिरी हाये ते."

नवीन वस्तूवर मुद्दाम गंज? माझ्या उभ्या आयुष्यात मी जुना माल नवा करून विकणारे पाहिले. ओला कोरडा म्हणून विकणारे पाहिले. नव्याला जुना करणारा एक पाहिला नाही. आणि खराब मालाला गोष्ट लावणारे तर जिनिंगच्या दारात रोज उभे असत.

"मले नोको शिकवू," मी म्हटलं. "खोका तुले फुकट येत असन. म्हणून झाकून राहिली तू."

ती फोनकडे पाहून, शाळेत बोलतात तसं सावकाश म्हणाली, "खोका मी माझ्या पगारातून घेते, हे तुम्हाला माहीत आहे." आणि डाव्या हातानं फोन बंद केला.

जेवताना तिनं फोन माझ्यापुढे सरकवला. मला वाचायला वेळ लागतो, पण वाचतो. आजोबा खरं बोलले, असं बऱ्याच जणांनी लिहिलं होतं. मी मिशीवरून हात फिरवला. त्याच्या खाली लिहिलं होतं, ताई कंपनीची निघाली. पुन्हा एकानं तेच. आणखी खाली, बापानंच सांगितलं म्हटल्यावर काय राहिलं.

"चार वर्षं लागले मले," ती म्हणाली. "लोकं माझ्या शब्दावर इश्वास ठेवत होते."

"मंग गंजलेल्याले चांगलं काहून म्हणते?"

"तुमी हात लावून पाह्यला का बाबा?"

एवढं बोलून ती पोरांच्या वह्या तपासायला बसली. डाव्या हातानं. बरोबरच्या खुणा सगळ्या वाकड्या येत होत्या.

हात लावून पाह्यला का, हे मला विचारणारं कोणी जन्मलं नव्हतं. मी यंत्रमाणूस घेऊन स्वयंपाकघरात गेलो. तिला दाखवून द्यायचं होतं. वाटीत चिंच भिजवली. जिनिंगच्या काट्याची पारडी आम्ही चिंचेनंच घासायचो. खरा गंज असला की पाणी लगेच तांबडं-काळं होतं. मी घासलं. पाणी चिंचेचंच राहिलं. आणखी घासलं, बोटं सुरकुतली. मग नखानं खांद्यावर खरवडलं. गंजाचा पापुद्रा निघाला आणि खाली स्वच्छ पांढरं प्लास्टिक. कोरं करकरीत.

मी ते उजेडात धरून पाहिलं. तो गंज नुसता फासलेला नव्हता. जिथं पाणी साचलं असतं, म्हणजे काखेत, गुडघ्याच्या मागं, तिथं दाट होता. जिथं वारा लागला असता तिथं फिका. ज्यानं तो रंगवला त्यानं खरा गंज फार दिवस पाहिला असला पाहिजे. पण का? कशासाठी एवढी मेहनत? मला काहीच समजेना. समजली ती एकच गोष्ट, ग्रेड माझी चुकली होती.

एकदा अशीच चुकली होती. एक बैलगाडी आली होती, लांबून, रात्रभर चालून. त्या दिवशी रांग मोठी, मला घाई. मी वरूनच हात फिरवला आणि बोललो, ओला. मग सवयीनं हात आत गेला तर आत खडखडीत कोरडा. वर होतं ते नुसतं रात्री पडलेलं दहिवर. दोन मिनिटांचा फरक. पण ग्रेड बोलून झाली होती, चार लोकांनी ऐकली होती. मी हात बाहेर काढला आणि सदऱ्याला पुसला. गाडीवाला माझ्या हाताकडे पाहत राहिला, मग माल न उतरवताच त्यानं बैल वळवले. ही गोष्ट मी घरी कधी सांगितली नाही.

संध्याकाळी दिवे लागायच्या आत मी लेकीला म्हटलं, "फोन लाव."

"कशाले?"

"लाव म्हणतो ना. सकाळचे लोक बोलाव."

"बाबा, राहू द्या आता. अजूक काही बोलसान."

"बोलतोच हाये."

तिनं फोन काडीवर उभा केला. मी खुर्चीत बसलो. टोपी तीनदा नीट केली. जिनिंगमध्ये मालकासमोर असं कधी करावं लागलं नाही.

"सकाळची ग्रेड मी चुकीची बोललो," मी म्हटलं. "गंज खरा नाई, रंगाचा हाये. चिंचेनं पाह्यलं, नखानं पाह्यलं. माझी लेक खरं बोलून राहिली होती. तिले कोणी फुकट देत नाई. ते मी रागात बोललो. न पाह्यता बोललो."

अक्षरं सरकायला लागली. लेक माझ्या मागं उभी होती, तिनं त्यातलं एक वाचून दाखवलं. "आजोबा, मग आता ग्रेड काय?"

मी यंत्रमाणूस हातात घेतला. उलटा केला, सुलटा केला. जिथं खोट आहे तिथंच कसब आहे, असा माल कसा मोजतात? जळका कागद जळका म्हणूनच चांगला? मी चाळीस वर्षं माल पाहिला, पण अशा मालाचं माप माझ्याकडे नव्हतं.

"मले ह्या मालाची ग्रेड समजत नाई," मी म्हटलं. "हिले इचारा. हे हिचं काम हाये."

आणि मी खुर्चीतून उठलो. ती बसली. प्लास्टरचा हात टेबलावर ठेवला, डाव्या हातानं यंत्रमाणसाला फोनजवळ नेलं आणि सगळ्यांत आधी त्याचा खांदा दाखवला.

"हा पांढरा ओरखडा तुमच्या खोक्यात येणार नाही," ती लोकांना म्हणाली. "हा माझ्या बाबांच्या नखाचा आहे. याचे मार्क मी कापत नाही."

मी स्वयंपाकघरात जाऊन चिंचेचं पाणी ओतून दिलं.