फॅटताईंची हरकत

अकरा ऑक्टोबर. तीन जीव. बाप, मुलगा, आणि त्या दोघांना वर काढायला उतरलेला शेजारचा सुतार.

स्लरीची टाकी म्हणजे गोठ्यातले शेण-मूत साठवण्याचा झाकलेला हौद. साठलेल्या शेणातून विषारी वायू सुटतो, आत दबून राहतो आणि झाकण काढून लगेच उतरणाऱ्याला हाक मारायचीही सवड देत नाही. त्या दिवशी तळाचा गाळ काढायचा होता. बापाने झाकण सरकवले आणि तो उतरला. तो वर येईना म्हणून मुलगा उतरला. मुलगा ओ देईना म्हणून सुतार. घरची सून धारा काढत होती; ती धावत आली तेव्हा शिडी तेवढी जागेवर होती.

ही टाकी त्या घराने जिल्ह्याच्या कृषी विस्तार कार्यक्रमाचे ऐकून बांधली होती. कार्यक्रमाने शेतकऱ्यांना काय शिकवावे आणि कसे शिकवावे, याचा सल्ला देणारी एक समिती होती. तिचे सगळे सभासद मानद. मानद म्हणजे बिनपगारी. "चहा सरकारी, बिस्किटं आपापली," अशी त्याची फोड समितीतला रोपवाटिकावाला करीत असे. फुकट राबणाऱ्या माणसाचे मन उदार असते, यात शंका नाही. परंतु आपण कुणाचे काही घेत नाही, तेव्हा आपल्याकडे कुणाचे काही निघत नाही, अशी एक समजूत त्या औदार्याच्या आडोशाला बिनबोभाट वाढत राहते. या समितीत ती चांगली फोफावली होती.

समितीचा एक नियम होता आणि एक रिवाज. नियम असा की सल्ला एकमतानेच पुढे जाईल, आणि गैरहजर सभासदाची संमती गृहीत धरली जाईल. रिवाज असा की अध्यक्ष मजकूर वाचून दाखवीत, "सर्वांना मान्य?" असे विचारून पेनाचे टोपण टेबलावर आपटीत, आणि टोपणाचा आवाज विरायच्या आत ठराव झालेला असे. नाही म्हणायला लागणारा वेळच त्या पद्धतीत ठेवलेला नव्हता.

या समितीवर फॅटताई होत्या. गावच्या दूध संकलन केंद्रावर त्या दुधाची फॅट लावीत, म्हणजे यंत्रावर त्यातली चरबी मोजीत, म्हणून हे नाव. अंगावर मात्र चरबीचा मागमूस नव्हता. बाई म्हणजे वाळत घातलेली काठी. केंद्रात पत्र्याची शेड, एक वजनकाटा, एक यंत्र आणि ओळीने लागलेल्या किटल्या. पाणी घातलेले दूध आले की त्या किटली परत सरकवीत आणि म्हणत, "विहिरीचं संकलन पलीकडे." सख्ख्या जावेच्या किटलीलाही त्यांनी हेच ऐकवले होते, आणि जाऊ त्यानंतर बराच काळ त्यांच्याशी फक्त भिंतीकडे बघून बोलत असे. या जावेचा नवरा, म्हणजे फॅटताईंचा धाकटा दीर, बियाण्यांचा दुकानदार आणि समितीचा अध्यक्ष होता. दोघांची घरे एका भिंतीला लागून.

पाचव्या दिवशी ती सून किटली घेऊन केंद्रावर आली. रांग आपोआप बाजूला झाली.

"अगं, तू कशाला आलीस? कुणाकडे तरी पाठवायचं," फॅटताई म्हणाल्या.

"कुणाकडे पाठवू? आणि म्हशींना काय सांगू, सुतक आहे म्हणून?"

फॅटताईंनी फॅट लावली. सुनेने किटली उचलली, पण ती हलली नाही.

"ताई, लोक म्हणतात, अक्कल गहाण टाकली होती का, असं एकदम कोण उतरतं. आम्ही तुमच्या प्रात्यक्षिकाला आलो होतो ना? मी, हे आणि मामंजी. तिथं झाकण काढलं, तो माणूस उतरला, फावडंभर गाळ घेऊन हसत वर आला. घरी येताना मामंजी म्हणाले, सोपं आहे की. तसंच केलं त्यांनी. अगदी तसंच. मग चुकलं काय?"

फॅटताईंना उत्तर ठाऊक होते. समितीतल्या प्रत्येकाला ठाऊक होते. माहितीपत्रकात स्पष्ट छापले होते की आत उतरण्यापूर्वी टाकी दिवसभर उघडी ठेवावी. परंतु प्रात्यक्षिकाला येणाऱ्या पाहुण्यांना वास सहन होत नसे, नाकाला रुमाल लावून ते लवकर निघून जात. म्हणून समितीत ठरले, की नमुना टाकीचे झाकण आदल्या संध्याकाळीच उघडून ठेवायचे, सकाळी परत बसवायचे आणि पाहुणे जमल्यावर समारंभाने काढायचे. सर्वांना मान्य. नमुना शेताला लागून घर फॅटताईंचे, तेव्हा संध्याकाळचे काम त्यांच्याकडे आले. त्या सोयीत शिकवणच गळून पडली, हे तेव्हा कुणाच्या ध्यानात आले नाही. शेतकऱ्यांना जे दाखवले गेले, ते माहितीपत्रकाच्या नेमके उलट होते. आणि त्यांनी डोळ्यांवर विश्वास ठेवला.

"तुमचं काही चुकलं नाही," फॅटताई म्हणाल्या. "आम्ही खोटं दाखवलं." आणि झाकणाची सगळी हकिकत त्यांनी रांगेसमोर सांगितली. सून ऐकत राहिली. मग म्हणाली, "हे तुम्ही मला एकटीला सांगून काय उपयोग? गाव त्यांना मूर्ख म्हणतंय. तुमच्या समितीनं सांगायला हवं."

पुढच्या बैठकीत विस्तार अधिकारी मॅडमनी दुर्घटनेवरचा मसुदा आणला. मॅडम वाईट नव्हत्या. वरून विचारणा झाली होती आणि त्यांना उत्तर पाठवायचे होते. मसुद्यात समितीच्या वतीने एक वाक्य होते: मृतांनी आवश्यक ती खबरदारी न घेतल्यामुळे दुर्घटना घडली.

"सर्वांना मान्य?" अध्यक्षांनी टोपण उचलले.

"नाही," फॅटताई म्हणाल्या.

टोपण हवेतच राहिले. रोपवाटिकावाल्याने बिस्कीट चहात बुडवले होते, ते तुटून तळाशी गेले.

"वहिनी, शब्दात काही बदल सुचवायचाय का?"

"शब्द ठीक आहेत, भाऊजी. मजकूर खोटा आहे. खबरदारी आपण घेतली नाही. झाकण मी उघडत होते, आणि उघडायला तुम्ही सगळ्यांनी सांगितलं होतं. असं लिहा."

"असं लिहिलं तर कार्यक्रम बंद पडेल," मॅडम हळू आवाजात म्हणाल्या. "लसीकरण, माती परीक्षण, सगळंच. लोकांचंच नुकसान."

या युक्तिवादात तथ्य नव्हते असे नाही. चांगल्या कामाच्या रक्षणासाठी सांगितलेले असत्य हेच सर्वांत टिकाऊ असते, कारण त्याच्या भोवती प्रामाणिक माणसे पहारा देतात. फॅटताईंनी थोडा विचार केला.

"माती परीक्षण बंद पडलं तर मी रस्त्यावर बसेन, मॅडम. पण मेलेल्यांच्या डोक्यावर आपलं खापर फोडून माती तपासायची, हे मला जमायचं नाही."

"मग राजीनामा द्या," अध्यक्ष म्हणाले.

"का देऊ? मी गेले की तुमचं एकमत होईल. इतकी काही मी परोपकारी नाही."

रोपवाटिकावाला हसला, आणि अध्यक्षांनी बघितल्यावर खोकला.

घरी जाऊ भिंतीशी उभी होती. आज ती भिंतीकडे बघत नव्हती. "या घरात सून म्हणून आलात तेव्हा हे अर्ध्या चड्डीत होते. तुमच्या हातचं खाऊन मोठे झाले. चारचौघांत त्यांचं नाक कापताना काही वाटलं नाही?"

"वाटलं ना, जाऊबाई.  पण नाक कापलं जातं ते परत वर करता येतं. त्या पोरीचा नवरा परत येतोय का?"

"तुमच्याशी बोलणं म्हणजे डोकं फोडून घेणं."

"फोडू नका. तेवढं एक तरी घरात शाबूत राहू द्या."

जाऊने दार लावले, पण आतून तिचा हुंदका ऐकू आला, की हसणे, हे फॅटताईंना नक्की कळले नाही.

पुढचे प्रात्यक्षिक ठरलेले होते. आदल्या संध्याकाळी फॅटताई नमुना शेतावर गेल्याच नाहीत. सकाळी पाहुणे जमले, प्रशिक्षकाने झाकण सरकवले, आणि जी दुर्गंधी आली तिच्या धक्क्याने पहिली रांग मागच्या रांगेच्या अंगावर गेली. प्रशिक्षक सवयीने शिडीकडे वळला. फॅटताईंनी शिडी वर ओढून घेतली आणि गवतावर टाकली.

"आज कुणी उतरणार नाही," त्या म्हणाल्या. "हा जो वास येतोय ना, त्याच्याबरोबर असं काही बाहेर येतंय ज्याला वाससुद्धा नाही. तीन माणसं त्यानंच गेली. टाकी दिवसभर उघडी राहील. उद्यासुद्धा कमरेला दोर बांधल्याशिवाय आणि वर दोन माणसं असल्याशिवाय आत पाय नाही. हेच प्रात्यक्षिक. संपलं."

"एवढ्यासाठी बोलावलंत?" कुणीतरी नाक धरून विचारले.

"एवढ्यासाठीच. घरी जा, आणि हा वास विसरू नका."

त्या दिवशी टाळ्या झाल्या नाहीत. अध्यक्षांच्या कानावर सगळे गेले, आणि पुढच्या बैठकीची वेळ त्यांनी संध्याकाळची ठेवली: नेमकी दूध संकलनाची. केंद्र सोडून फॅटताई कधी कुठे गेल्या नव्हत्या. गैरहजर सभासदाची संमती गृहीत.

सूचना मिळाली तेव्हा रांग लागायला सुरुवात झाली होती. फॅटताईंनी यंत्रावर फडके टाकले. "मी बैठकीला चाललेय. दूध थांबेल."

"नासलं तर?" रांगेतला एक जण म्हणाला.

"नासलं तर माझ्या नावानं खडे फोडा. आत्ताच फोडून ठेवा हवं तर, रांग लांब आहे."

मागून ती सून पुढे आली. "मी लावते फॅट. तुमच्या हाताखाली शिकलेय लग्नाआधी, माहेर इथलंच माझं. जा तुम्ही." आणि तिने फडके काढून घडी केली. "काय बघताय?" ती रांगेवर खेकसली. "किटल्या पुढे घ्या." रांगेतल्या ज्या माणसाने पंधरवड्यापूर्वी तिच्या नवऱ्याची अक्कल काढली होती, त्याने मुकाट्याने किटली पुढे केली.

फॅटताई पोचल्या तेव्हा अध्यक्ष मसुदा वाचीत होते. त्यांना दारात बघून ते थांबले. कुणीतरी खुर्ची सरकवली.

"वाचा ना, भाऊजी. त्याच वाक्यापासून."

त्यांनी वाचले. टोपण उचलले. वहिनींकडे न बघता विचारले, "सर्वांना मान्य?"

"नाही. आज नाही, पुढच्या वेळी नाही, आणि मध्यरात्री बैठक ठेवलीत तरी नाही. मला काढायचं तर एकमत लागेल, आणि त्या मतात मी आहे."

 मग रोपवाटिकावाला खुर्चीत सावरून बसला. या वेळी तो विनोद करणार नव्हता, हे त्याच्या चेहऱ्यावरून दिसत होते. "अध्यक्ष, मलाही मान्य नाही. झाकणाच्या ठरावाला मी होतो."

मॅडमनी मसुदा स्वतःकडे ओढला आणि त्या वाक्यावर एक सरळ रेघ मारली. फॅटताईंनी विचारले, "आणि त्याच्या जागी?"

"त्याच्या जागी समितीनं एकमतानं काही दिलं, तर घालीन," मॅडम म्हणाल्या.

फॅटताईंनी आपले वाक्य सांगितले: समितीने चुकीचे शिकवले आणि समिती त्या दोन घरांची माफी मागते. अध्यक्षांनी ते वाचून दाखवले, आणि या खेपेला "नाही" त्यांनी स्वतः म्हटले. फॅटताईंचेच हत्यार त्यांनी उचलले होते. त्यावर फॅटताईंनी तक्रार केली नाही. त्या एवढेच म्हणाल्या, "ठीक आहे. आता दर बैठकीला मी हे मांडणार. तुम्ही नाही म्हणत राहा."

तेव्हापासून प्रत्येक बैठकीत ते वाक्य मांडले जाते, आणि अध्यक्षांना ते स्वतःच्या तोंडाने वाचावे लागते. प्रात्यक्षिकात आता कुणी टाकीत उतरत नाही. मृतांवर ठपका ठेवणारे वाक्य अहवालात नाही.

बाप, मुलगा आणि सुतार यांच्या घरांची माफी समितीने अद्याप मागितलेली नाही. ते देणे बाकी आहे.