मोदकाचं पीठ

पोलादपूरच्या अलीकडे आमची पिठाची गिरणी आहे. सासऱ्यांनी घातलेली, आता मी चालवते. पूर्वी गणपतीच्या आधी आठ दिवस दारात डब्यांची रांग लागायची. मोदकासाठी धुऊन, सावलीत सुकवून आणलेला तांदूळ. त्या आठ दिवसांच्या जोरावर गिरणी वर्षभर चालायची. महाडला हायवेवर मोठं मार्ट झालं, तिथे पिठाची पाकिटं मिळू लागली आणि रांग आखडत गेली. यंदा चारच डबे आले.

त्यात माझीही एक चूक झाली. गणपतीआधी गिरणीच्या दगडांना टाकी लावतात, म्हणजे छिन्नीने ठोकून ते पुन्हा खरखरीत करतात. नाही लावली तर पीठ जाडं पडतं. सासऱ्यांनी हे कधी चुकवलं नाही. यंदा नवरा म्हणाला, "चार डब्यांसाठी कशाला? पुढच्या साली बघू." मला बोलायचं होतं. तरी मान डोलावली.

घरच्या गणपतीला मोठी जाऊ मुंबईहून आली ती पिठाचं पाकीट घेऊनच.

"घरात गिरणी असताना पाकीट?" मी कसंबसं म्हटलं.

"असू दे गो, टेन्शन नको घेऊ. अर्धे तुझ्या पिठाचे, अर्धे माझ्या."

दोन्ही एकाच पातेल्यात उकडले. झाकण काढलं तेव्हा आरतीला आलेली शेजारची काकी आणि आणखी दोघी तिथेच उभ्या होत्या. पाकिटाच्या मोदकांच्या कळ्या शाबूत. माझे फुटून सारण बाहेर.

"गिरणीवालीचेच फुटले गो!" काकी म्हणाली. सगळ्या हसल्या. मीही हसले. त्याचा राग अजून गेलेला नाही, आणि तो माझ्या हसण्याचाच जास्त आहे. त्या चार डबेवालींचेही असेच फुटले असणार. कोणी तोंडावर बोललं नाही.

गणपती गेले, जाऊही गेली. मी नवऱ्याला दगड उतरवायला लावला आणि सासऱ्यांची छिन्नी घेऊन बसले. त्यांना करताना पाहिलं होतं, स्वतः हात लावला नव्हता. दोन दिवस गेले, बोटं सोलवटली. मग घरचा तांदूळ दळला. चिमटीत कणी लागत नव्हती.

पण हे लोकांना सांगायचं कसं? मार्टची रिक्षा भोंगा लावून फिरते. मला दारातून हाक मारायलाही जमत नाही. वाटीभर पीठ काकीकडे नेऊन दिलं. दुसऱ्या दिवशी तिने वाटी परत आणली, रिकामी कशी द्यायची म्हणून साखर घालून.

"भाकरी काय झाली गो! कापूस नुसता."

"मग दळण आणा की, काकी."

"तांदूळ धुवा, सुकवा, निवडा, डबा उचलून आणा. गुडघे कुठे राहिलेत माझे? पाकीट फोडलं की झालं. राग नको धरू हां."

राग आलाच. दोन दिवस दगड ठोकत बसले आणि अडलं होतं भलतीकडेच. मार्टने बायकांच्या हातातलं काम उचललं. मला इतक्या वर्षांत ते सुचलं नाही, मी डब्यांची वाट बघत राहिले.

आज सकाळी पाच किलो तांदूळ मीच धुतला. पडवीत जुन्या लुगड्यावर पसरलाय. दळून पिशव्या भरेन. त्या घेऊन कोणाच्या तरी दारात उभं राहावं लागेल, हाक मारावी लागेल.

मघाशी नवरा बघून म्हणाला, "एवढं पीठ घेणार कोण?"

मी लुगड्याची कड सरळ केली. तांदूळ हलवत बसले.