जू न सोडता उभी असलेली रांग

बैलाचं भलं करायला निघून तुम्ही कधी त्याच बैलाचे हाल वाढवलेत का? मी वाढवलेत. तेही कायद्याचं कलम तोंडपाठ असताना.

शिरूरला आमचा छोटा छापखाना होता. लग्नपत्रिका पोटासाठी आणि पत्रकं हौसेसाठी. पाण्याचं आंदोलन असो, दारूबंदी असो, एसटीच्या पासाचा मोर्चा असो, पत्रक वडील छापणार आणि प्रुफं मी तपासणार. त्यामुळे मला पूर्णविरामाआधी उद्गारचिन्ह कळलं. कॉलेजात गेल्यावर मी स्वतःचं पत्रक काढलं : मुक्या जनावरांवरचे अत्याचार थांबवा! खरं तर मी तीन उद्गारचिन्हं घातली होती. छपाईचे खिळे कमी आहेत म्हणून वडिलांनी दोन काढली.

नव्वदीचं दशक संपत आलं होतं, उसाचा हंगाम लांबला होता, ऊन तापायला लागलं होतं. पत्रकं वाटायला मी दौंडच्या बाजूला गेले आणि साखर कारखान्याच्या रस्त्यावर गुन्हा आपण होऊन माझ्यासमोर चालत आला. टायरची बैलगाडी, वर उसाचा डोंगर, आणि उजव्या बैलाच्या खांद्यावर, थेट जुवाखाली, तळहाताएवढी ओली जखम. मी गाडीपुढे उभी राहिले.

"ताई, बाजूला व्हा. उतार हाय," गाडीवान म्हणाला. पन्नाशीचा माणूस, आष्टीकडून बायकोबरोबर ऊसतोडीला आलेला.

मी बाजूला झाले नाही. जखमी जनावर जुंपणं गुन्हा आहे, हे त्याला भर रस्त्यात ऐकवलं. मग सरळ पोलीस चौकी. तिथल्या हवालदारांनी पत्रक दोनदा वाचलं आणि गाडी चौकीच्या आवारात घेतली. मी जिंकले. दुपारचे बारा वाजले होते.

"आता बैल सोडायला सांगा," मी म्हणाले.

"सोडून कसं चालंल? मुद्देमाल हाय. डॉक्टर येतील, पंचनामा हुईल. तवर जसंच्या तसं ठेवायचं."

"अहो, पण त्यांच्या मानेवर ओझं आहे!"

"तीच तक्रार हाय ना तुमची? मग ते पंचनाम्यात दिसायला नको व्हय?"

आवारात झाड नव्हतं. गाडीवान बादली घेऊन उठला, तर त्याला खाली बसवलं. आरोपी होता तो. मग पाणी मी पाजलं. उजवा बैल प्यायलाच नाही, नुसता मान झुकवून उभा राहिला. गाडीवान माझ्याकडे बघून म्हणाला, "ताई, हा बैल न्हेला तर जोडी मोडली. जोडी मोडली की टोळीत मला कोन ठेवतंय? आन् ह्यो दुसऱ्या कुनाच्या हातनं खात न्हाई."

तो रागावून बोलला असता तर बरं झालं असतं. मला भांडता आलं असतं.

दीड तासानं जनावरांचे डॉक्टर एम-एटी मोपेडवरून आले. कुठेतरी अडलेली गाय सोडवून आले होते, बाह्या अजून ओल्या होत्या. कुणाला काही न विचारता त्यांनी गाडीला टेकू लावला आणि जू उतरवलं.

"साहेब, पंचनामा..." हवालदार म्हणाले.

"करा की. जिवंत बैलाचा करायचा का मेलेल्याचा, तेवढं सांगा."

जखम धुताना त्यांनी माझं पत्रक मागितलं. ओल्या हातानं धरून वाचलं. "भाषा झकास आहे," म्हणाले. "आता पुढचं कलम सांगा. जप्त केलेला बैल ठेवायचा कुठं? औषध कोण लावणार? वैरण कोण टाकणार?"

मला ते कलम येत नव्हतं.

"कायदा वाईट नाही हो, बाई. कायदा पाहिजेच. पण आधी उपचाराची सोय करा, मग जप्ती, असं आम्ही डॉक्टर लोक प्रत्येक बैठकीत बोंबलतो. आम्हाला सहीला बोलावतात, विचारायला कुणी बोलावत नाही." मग गाडीवानाकडे वळून त्यांनी विचारलं, "खांदा चालून गेला का उभं राहून?"

"उभं ऱ्हाऊन, साहेब. चालतो तो दोन तास. कारखान्याच्या वजनकाट्याम्होरं उभा असतो दिसभर. जू सोडलं की मागचा म्होरं घुसतो, नंबर जातो."

माझ्या पत्रकात ओझं होतं, चाबूक होता, ऊन होतं. रांग नव्हती.

डॉक्टरांनी दाखल्यावर लिहिलं : बैल मालकाजवळच राहील, जखम भरेपर्यंत जुंपायचा नाही, रोज मलमपट्टी. हवालदारांनी आधी नाक मुरडलं, मग सुटलो म्हणत सही घेतली. वैरणीचं झेंगट त्यांनाही नकोच होतं. टोळीतल्या दोघांनी आळीपाळीनं आपला बैल द्यायचं कबूल केलं. ते कबूल होईपर्यंत डॉक्टर टोळीच्या पालावर चहा पीत बसून राहिले, उठलेच नाहीत.

दुसऱ्या दिवशी आम्ही कारखान्यावर गेलो. गाड्यांच्या रांगेत शंभर माना जुवाखाली आणि गाडीवान सावलीत. डॉक्टर कारखान्याच्या शेतकी अधिकाऱ्याला म्हणाले, "आल्या आल्या गाडीवर खडूनं नंबर टाका. नंबर पक्का झाला की जू खाली."

"परत जुंपायला वेळ लागतो. ऊस आत ओढणारी गव्हाण थांबली तर तुम्ही ऊस टाकणार का?"

"दहा गाड्या आधी हाळी द्या. आणि नंबर लिहायला ह्या बाई आहेत. अक्षर छापील आहे."

अशी मी चळवळीतून थेट खडूवर आले. आठ दिवस नंबर लिहिले. पहिल्या दिवशी कुणाचा विश्वास बसेना. एका म्हातारीनं गाडी सोडली आणि नंबर पुसला जाऊ नये म्हणून त्याला पाठ लावून बसली. उठली तेव्हा नंबर तिच्या लुगड्यावर! रांग हसली, मी पुन्हा लिहिला. तिसऱ्या दिवशी जवळजवळ सगळ्यांनी जू सोडलं. बैल रांगेत बसून रवंथ करत होते, आणि गव्हाण एकदाही थांबली नाही.

हंगाम संपताना तो गाडीवान मुद्दाम बैल दाखवायला थांबला. खांदा भरला होता, वर पांढरे केस आले होते. मी हात पुढे केला, तर बैलानं मान फिरवली.

"तुमाला वळखलं त्यानं," गाडीवान म्हणाला.

पुढच्या हंगामात मी परीक्षेत अडकले, शेतकी अधिकारी बदलून गेले, आणि खडूही गेला. कुठल्याच कागदावर ते नव्हतं. डॉक्टर म्हणाले, "ठराव करून घ्यायला पाहिजे होता. चुकलं आपलं."

म्हणून हे लिहितेय. तुमच्या घरात कुणी ना कुणी कारखान्याचा सभासद असेलच. यंदाच्या वार्षिक सभेत त्यांना हात वर करायला लावा आणि एवढाच ठराव मांडा : गाडी आली की नंबर, नंबर मिळाला की जू खाली, आणि रांगेशेजारी पाण्याचा हौद. ठराव इतिवृत्तात लिहिला गेला का, ते वाचून मगच घरी या.