एक जास्तीचा ‘ह’ आणि दिवाळ्याची खाडी

घणसोलीत जन्मलेल्या माणसाने खाडी बघायला सहलीला जायचं, म्हणजे स्वतःच्याच घरात भाडं भरून राहण्यासारखं आहे. तरी गेलो. कारण माझा दादा, नितीन. गावठाणात त्याचं हार्डवेअरचं दुकान आहे आणि जिभेला हाड नाही. मी महाप्याच्या कंपनीत आठवडाभर स्क्रीनसमोर बसते आणि सुट्टीत जैवविविधतेच्या एका वेबसाइटवर पक्ष्यांचे, खेकड्यांचे फोटो टाकते. दादा म्हणाला, “मोबाइलवर खाडी बगतेस, एकदा होडीत बसून बग ना!”

एक गोष्ट आधीच सांगून ठेवते, पुढे लागणार आहे. आमच्या घरी सगळे ‘आमी’, ‘तुमी’ बोलतात. शाळेत बाई ओरडायच्या, ऑफिसात लाज वाटायची, म्हणून मी जिथे-तिथे ‘ह’ लावायला शिकले. इतकी, की दादा मला ‘ह-वाली म्याडम’ म्हणतो.

रविवारी सकाळी स्कूटरवरून निघालो. ठाणे-बेलापूर रोडला रविवारी ट्रक कमी असतात, त्यामुळे बेलापूर पटकन येतं. तिथून दिवाळे कोळीवाड्यात वळलात की नाकच रस्ता सांगतं: काठ्यांवर मासळी वाळत असते. स्कूटर गल्लीच्या तोंडाशीच लावा, आत वळवायला जागा नाही. जायचं ठरवलंत तर भरतीची वेळ बघून जा, होडीचे पैसे बसण्याआधी बोलून घ्या, आणि नाश्ता करून निघा. आम्ही वडापाव खाल्ला, चटणी झणझणीत होती.

होडी जनार्दनकाकांची. ते दादाच्या दुकानातून दोर-खिळे नेतात, त्यामुळे ओळख. इंजिन सुरू झालं आणि टॉवर मागे पडले. दोन्ही बाजूंना खारफुटी, चिखलावर उड्या मारणारे निवटी मासे, वर घार. मी फोटो काढत सुटले. खरं सांगते, तेवढा वेळ मी फार खूश होते.

काकांनी खारफुटीलगत लावलेलं जाळं वर घेतलं. त्यात थोडी मासळी, आणि एक करडा, जाडसर साप गुंतलेला. दादाला हौस भारी! “थांबा काका, मी सोडवतो,” म्हणत त्याने हात घातला. मी मोबाइल रोखला, फोटो निघाला, आणि त्याच क्षणी दादा ओरडला, “आई गं!” अंगठ्यावर रक्ताचे ठिपके. काकांनी घाबरून जाळं झटकलं आणि साप पाण्यात गेला.

“काका, विषारी होता का?”

काकांचा चेहरा उतरला. “असलं जाल्यात येतात गो. त्यांचा काय नसतं. पन दुसरा एक असतो, चपट्या शेपटीचा, दर्याचा. तो लय वंगाळ. मी शेपटी नाय बगितली.”

मी फोटो उघडला. डोकं आलं होतं, अंग आलं होतं, शेपटी कापली गेली होती.

काका सुतळी घेऊन हात आवळायला निघाले. मी ओरडले, “बांधू नका!” दादाची अंगठी काढली, हात हलवू नको म्हटलं. काकांनी होडी वळवली. ओहोटी लागली होती, कडेने चिखल वर येत होता, आणि इंजिनाचा पंखा चिखलात अडकू नये म्हणून काका सावकाश हाकत होते. मला त्यांना ढकलावंसं वाटत होतं.

मी मोबाइल काढला. एका भाषणात ऐकलेलं नाव आठवत होतं: खाडीतला कुत्र्याच्या तोंडासारखा साप, सर्बेरस ऱ्हिंकॉप्स. त्याचं विष माणसाला सहसा घातक नसतं, असं ऐकलं होतं. दादाला धीर यावा म्हणून ते नाव मोठ्याने सांगितलं. तोच असू दे रे देवा! वेबसाइटवर आमची खाडी निवडली, इंग्रजी अक्षरांत नाव टाकलं. नेटवर्क एक काडी. चक्र फिरत राहिलं आणि मग उत्तर आलं: काही सापडले नाही.

पुन्हा टाकलं. काही सापडले नाही.

 या वेबसाइटवर आमच्या खाडीतले किडेसुद्धा आहेत. मग हा साप नाही, म्हणजे तो आमच्याकडे नसतोच. मग चावला तो कोण? ‘समुद्रसाप’ टाकलं, आणि तो मात्र लगेच आला, फोटोसकट, चपट्या शेपटीसकट. मी मोबाइल उलटा धरला. दादाने विचारलं, “काय झाला? हाय का?” मी म्हटलं, “नेटवर्क नाही.” आईला काय सांगायचं याची वाक्यं मी मनात जुळवायला लागले होते.

धक्क्यावरून रिक्षा, रिक्षातून हॉस्पिटल. डॉक्टर तरुण होत्या, शांत. मी फोटो दाखवला. त्या म्हणाल्या, “नाव मिळालं तर बरंच. पण मी उपचार लक्षणं बघून करणार. पापण्या, अंगदुखी, लघवीचा रंग, सगळं तपासत राहू.” मग दादाकडे वळून म्हणाल्या, “बोलत राहा, जीभ जड होते का बघायचंय. साप कोणता म्हणते बहीण?”

“सर्बेरस रिंकॉप.”

“ऱ्हिंकॉप्स,” मी म्हटलं. भाऊ खाटेवर पडलाय, आणि माझी सवय जाईना!

दादा चिडला. “तुजा ह घाल चुलीत! मी बोलतो तसा लिव ना येकदा!”

त्याचं मन मोडू नये म्हणून लिहिलं. आरच्या पुढचा एच काढला, थेट वाय.

आला! एकामागून एक फोटो, आमच्याच खाडीतले. तेच करडं अंग, डोक्यावर वर बसवल्यासारखे डोळे, डोळ्यांतून गेलेली काळी रेघ. शेपटी गोल. नावात तो एच मुळात नव्हताच, मी लावला होता. नुसतं ‘सर्बेरस’ टाकलं असतं तरी साप मिळाला असता, पण भीतीत अक्कल गहाण पडते. मी तिथेच भोकाड पसरलं.

डॉक्टरांनी माझ्या फोटोतलं डोकं त्या फोटोंशी ताडून पाहिलं. “तोच दिसतोय. तरी संध्याकाळपर्यंत सोडणार नाही,” म्हणाल्या. सोडलं नाही. संध्याकाळी दादाने चहा मागितला, वर साखर कमी आहे म्हणून कुरकुर केली, तेव्हा माझा जीव भांड्यात पडला.

घरी आईने आधी दादाला धुतला, मग मला, मग मिठी मारली. “कंचा साप व्हता?” तिने विचारलं. दादा माझ्याकडे बघून हसला. मी म्हटलं, “रिंकॉप्स, आई. ह नाय त्यात.”

तुम्ही दिवाळ्याला जरूर जा. जाळ्यात हात घालू नका, आणि काही चावलंच तर मोबाइलमध्ये नाव शोधत बसण्याआधी हॉस्पिटल गाठा. मी वेबसाइटवाल्यांना लिहिलंय की चुकीच्या स्पेलिंगवरही साप दाखवा. उत्तर अजून नाही.

अधूनमधून मी अजून तिथे एच घालून शोधते. काही सापडले नाही, असंच येतं, आणि दर वेळी मी क्षणभर पुन्हा त्या होडीत असते. मग एच काढते. साप येतो, आणि त्यात मी नंतर टाकलेला दिवाळ्याचा फोटोही येतो: शेपटी कापलेला, हललेला, आणि कोपऱ्यात दादाचा अंगठा.