उघड्या मानेच्या कोंबड्या

चौलला आमच्या शेजारी राहणाऱ्या काकू कोंबड्यांनासुद्धा अहो-जाहो करतात. त्यांच्या सगळ्या कोंबड्यांच्या माना बिनपिसांच्या. मी शाळेत जीवशास्त्र शिकवते, म्हणून एकदा ऐटीत म्हटलं, "उकाड्यात अशी मान बरी, म्हणूनच या टिकल्या."

"न्हाय हो बाई! उधाणाचं पाणी खुराड्यात शिरलं. अशा मानेच्या दोघी नि एक कोंबडा तेवढे त्या दिवशी छपरावर बसलेले. बाकी पिसांच्या मानेचे सगळे गेले."

मी थक्क झाले. निव्वळ योगायोगानं अख्खा वंश बदलला होता!

पुढे मात्र पिल्लं अंड्यातच मरू लागली. "घरातल्या घरात सोयरिकी झाल्या," असं म्हणत काकू उरणच्या बहिणीकडे गेल्या आणि मानेवर भरघोस पिसं असलेला कोंबडा मांडीवर घेऊन एसटीनं परतल्या.

महिन्याभरानं एका सकाळी त्यांची हाक आली. कणकेच्या हातांनीच मी धावले. टोपलीतली नऊच्या नऊ अंडी फुटली होती! प्रत्येक पिल्लाच्या उघड्या गळ्यावर पिसांचा इवलासा झुपका होता.

"बघा बाई, बापाची खूण हाय!" काकूंनी एक पिल्लू माझ्या हातावर ठेवलं. इतकी वर्षं शिकवलेला आनुवंशिकतेचा धडा पहिल्यांदाच माझ्या तळव्यावर चिवचिवत होता.