बुरशीची खोली

चक्रीवादळाचा चौथा इशारा झाला तेव्हा रोलान शिन युन मागच्या खोलीच्या एकुलत्या खिडकीवर फळ्या ठोकत होता. पोर्ट लुईमागच्या डोंगरावरून वारा असा घोंगावत येत होता, की हातोडीचा आवाजही ऐकू येईना. अंगण ओलांडून तो घरात शिरला, तर म्हातारी आई, त्याची आमे, दारातच उभी.

"आतल्या सोयाबीनचं काय?"

"काय म्हणजे? खोली बंद केली. थेंबभर पाणी जायचं नाही."

"आणि हवा?"

"आमे, वारा आत शिरू नये म्हणूनच फळ्या मारल्या ना!"

"साठीला आलास, आ लान, आणि बोलतोस पोती विकणाऱ्यासारखा. जिवंत आहे ते. कोंडलंस तर मरेल."

रोलानला हे का ठाऊक नव्हतं? त्याचे आजोबा चीनहून इथे आले ते सोया सॉसची विद्या घेऊन. सोयाबीन उकडायचं, पीठ लावून बांबूच्या सुपांवर पसरायचं, त्यावर हिरवट पिवळी बुरशी चढू द्यायची आणि मग रांजणात मिठाच्या पाण्यात घालून उन्हात ठेवायचं. वाढताना बुरशी आपली आपण तापते; हवा लागली नाही तर त्याच तापाने मरते. ती विकत कधी आणली नाही. दर खेपेला मूठभर मागे ठेवायची, तीच पुढच्या खेपेला विरजण. यंदा दमट हवेत ती मूठ बरीचशी नासली. उरलीसुरली सगळी या सुपांवर टाकली होती. ही मेली की आजोबांपासून चालत आलेलं संपलं.

पण त्याच्या मनात भीती होती. लहानपणी याच खोलीत वारा शिरून छप्पर उडालेलं त्याने पाहिलं होतं. त्यानंतर वडिलांनी डोंगराकडची खिडकी विटांनी बुजवून टाकली. बंदराकडची तेवढी राहिली.

तो बायकोला, जिझेलला, घेऊन पुन्हा खोलीत गेला. दार उघडताच वाफ तोंडावर आली. सुपात हात घातला, तर दाणे तापाने फणफणलेल्या अंगासारखे. उग्र वासही सुटू लागला होता. त्याने घाईघाईने फळ्या उचकटल्या. वारा पाठीमागून होता, खिडकीतून जरा जरा गारवा येऊ लागला. दोघं बुरशीने चिकटलेले गोळे फोडून दाणे उलटत राहिली.

एकाएकी सगळं शांत झालं. ऊन पडलं.

"संपलं?" जिझेल म्हणाली.

"कसलं संपलंय! वादळाचा मधला डोळा आहे हा," अंगणातून आई ओरडली. "आता वारा बंदराकडून येईल. समोरच्या खिडकीतूनच!"

खिडकी उघडी ठेवली तर छप्पर जाणार, लावली तर बुरशी. रोलानने सूप उचललं.

"सुपं घरात न्यायची. सगळी."

वारा कधी फिरेल याचा नेम नव्हता. चिखलातून घसरत दोघं सुपं वाहू लागली. टेबलं भरली, जमीन भरली. पूर्वजांच्या देव्हाऱ्यापाशी जिझेल थबकली.

"सरकव माझ्या सासऱ्यांना," आई म्हणाली. "त्यांचीच तर वस्तू आहे."

"आणि ही? माझ्या पलंगावर?"

"तुझा नवरा लोळतो तिथे. त्याहून काय वाईट वास येणार?"

रोलान उरलेल्या सुपांसाठी वळला, तोच बंदराकडून पहिला झोत आला. हातातलं सूप उडालं, दाणे चिखलात.

"सोड ते! आत ये, गाढवा!"

तो आत पडला, जिझेलने दार लोटलं. बाहेर पत्रा किंचाळला. मागच्या खोलीचं छप्पर उचललं गेलं हे न बघताच कळलं.

आई सूप-सूप हुंगत फिरत होती. "हे गेलं. हेही गेलं." रोलान भिंतीला टेकून तिच्या तोंडाकडे बघत राहिला. पलंगाशी ती वाकली, एक दाणा दातांखाली फोडला.

मग तिने त्या सुपातली मूठभर बुरशी उचलून वाडग्यात घातली, वर स्वच्छ फडकं बांधलं.

"आमे, छप्पर..."

"छपराचं नंतर. या सुपात हात घाल आधी. बघ, पुन्हा तापतंय."