नोल्फाची नळी

नोल्फा ताबिलो पाण्याबाहेर आली तीच शिव्या घालत. चिलीच्या त्या गार किनाऱ्यावर बुडी मारणारी ही एकटीच बाई, वय बावन्न. तिच्या तोंडी लागायची हिंमत वस्तीतले पुरुषही करत नाहीत.

आज तिचं डोकं उगीच फिरलं नव्हतं. होडीतल्या काँप्रेसरच्या नळीतून श्वास घेत ती बारा मीटर खाली गेली होती. त्या खडकावर हुइरो शेवाळाचं माणसापेक्षा उंच रान होतं. ते उपटून विकायला तिथे तीन वर्षं कुणी पहार लावायची नाही, असं तिनेच वस्तीच्या सभेत भांडून ठरवून घेतलं होतं. त्या रानात मासे अंडी घालत, शंख पोसत. आता नुसता बोडका खडक! मुळं उचकटलेली, उघड्या पडलेल्या शंखांवर तारामासे तुटून पडलेले.

कपारीत पहार सापडली. मुठीला जुनं रबर गुंडाळून निळ्या दोऱ्याने शिवलेलं. तो टाका तिने लगेच ओळखला, कारण तिच्या सूटची ठिगळंही त्याच हाताची होती. एलादियो, तिचा धाकटा दीर. एकोणीस वर्षं तिची नळी तोच सांभाळत होता.

होडीत चढून तिने पहार त्याच्या पायाशी आदळली. “ही कुणाची रे?”

“वहिनी, आधी जरा दम घ्या.”

“इतकी वर्षं तू देशील तोच घेतेय की! बोल, कुणाची?”

“सगळेच उपटतात. येतं ते परत.”

“तुझं डोंबल येतं! तूच खाली जा आणि बघ काय उरलंय ते. चढव सूट, नळी मी धरते.”

फळीखालून त्याने आपला सूट काढला. तो अजून ओलाच होता. कमरेला शिसं बांधून त्याने नळीचं टोक ओठांपर्यंत नेलं आणि थांबला. तो तिच्या हातांकडे बघत होता.

“काय बघतोस?”

“काही नाही. उद्या उतरतो, वहिनी.”

नोल्फाला आधी कळलंच नाही. कळलं तेव्हा तिच्या अंगाची आग झाली. एकोणीस वर्षांत पाण्यात शिरताना तिने त्याच्या हातांकडे एकदाही पाहिलं नव्हतं.

“मी तुझी हवा तोडेन असं वाटतं तुला?”

एलादियोने मान खाली घालून कमरेचं शिसं सोडायला घेतलं.

तिने नळी त्याच्या अंगावर भिरकावली. “होडी वळव. यापुढे माझ्या नळीला हात लावायचा नाही.”